सेटअपमध्ये चुकून ‘हो’ जाऊ नये म्हणून

इन्स्टॉलेशन रेंगाळलं की हात आपसूक एंटरवर जातो. हिंजवडीतलं ऑफिस असो की कॉलेजची लॅब, हे सगळीकडे चालतं. पण दाबलेले एंटर वाया जात नाहीत. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं आणि पुढे ‘जुना डेटाबेस पुसायचा?’ असा प्रश्न आला की तेच उत्तर म्हणून पुढे करतं. प्रश्न वाचून होण्याआधी डेटा गेलेला असतो!

म्हणून स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिणाऱ्याने प्रश्नाच्या ऐन आधी बफर रिकामा केलाच पाहिजे. पायथन भाषेत टर्मिऑस (termios) मॉड्यूलचं टीसीफ्लश (tcflush) ते एका ओळीत करतं. बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) एकेक अक्षर वाचणारी रीड (read) कमांड, 0.1 सेकंदाचा टाइमआउट देऊन, बफर संपेपर्यंत लूपमध्ये फिरवायची. आणि नुसत्या एंटरचा अर्थ ‘नाही’च ठेवायचा.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो, आणि तो फारसा कुणी तपासत नाही. कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी लेआउटवर राहिला असेल तर होकाराचा ‘वाय’ (y) दाबल्यावर ‘ब’ उमटतो, नकाराचा ‘एन’ (n) दाबल्यावर ‘ल’. आता स्क्रिप्टमध्ये ‘उत्तर एन असेल तर थांब, नाहीतर पुढे जा’ अशी अट असेल, तर नको म्हणणाऱ्याचा ‘ल’ सरळ होकार ठरतो. अट उलटी लिहा: नेमकं ‘वाय’ किंवा ‘यस’ (yes) आलं तरच पुढे, ‘एन’ किंवा रिकामं आलं तर थांबा, बाकी काहीही आलं तर पुन्हा विचारा. पासवर्डला तर हा घोळ दिसतही नाही. दोनदा विचारलं तरी दोन्ही वेळा तोच चुकीचा लेआउट असतो, त्यामुळे पासवर्ड जुळतात आणि नंतर इंग्रजी लेआउटवर लॉगिन मात्र अडतं.

डिस्क पुसण्यासारख्या कामाला एक अक्षर पुरेसं नाही. डिस्क एन्क्रिप्ट करणारा क्रिप्टसेटअप (cryptsetup) हा प्रोग्रॅम लक्सफॉरमॅट (luksFormat) करताना, म्हणजे डिस्क पुसून नव्याने तयार करताना, कॅपिटलमध्ये पूर्ण ‘यस’ (YES) टाइप करायला लावतो. डिस्कचं नाव टाइप करायला लावणं मला त्याहून बरं वाटतं, कारण मग आपण कुठली डिस्क पुसतोय ते बघावंच लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या पाच-सहा ओळी एकदम पेस्ट केल्या, तर पहिल्या कमांडच्या प्रश्नाला दुसरी ओळ उत्तर म्हणून जाऊ शकते. बॅश 5.1 पासून पेस्ट केलेला मजकूर एंटर दाबेपर्यंत थांबतो, पण ते संरक्षण बॅशच्या प्रॉम्प्टपुरतंच (जिथे आपण कमांड टाइप करतो ती ओळ), चालू असलेल्या कमांडच्या प्रश्नाला नाही. तेव्हा एकेक ओळच चालवा.

स्क्रिप्ट कर्लने (curl, इंटरनेटवरून फाइल आणणारी कमांड) आणून थेट बॅशला पाइप केली, म्हणजे साठवून न ठेवता सरळ चालवायला दिली असेल, तर रीड कीबोर्डऐवजी स्क्रिप्टचीच पुढची ओळ गिळते. तिथे उत्तर डेव्ह-टीटीवायमधून (/dev/tty, म्हणजे थेट टर्मिनल) वाचा; ते उघडलं नाही तर काहीही गृहीत न धरता बाहेर पडा.