पपईवरचा पिठ्या ढेकूण: फवारणीआधी पान उलटून बघा

पपईच्या पानामागे किंवा जास्वंदीच्या कळीच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखा दिसला की पहिला हात जातो कीटकनाशकाच्या बाटलीकडे. तो तिथेच आवरा. पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, या किडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच घाईने होतं.

ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. भारतात ती २००८ साली कोइम्बतूर भागात पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद, कापूस, अगदी गाजरगवतावरही पसरली. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, पण अंगावरच्या मेणामुळे औषध आत पोहोचेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये नावाचा परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या किडीच्या अंगात वाढून तिला मारणारा, कीटक आणून सोडला, तेव्हा कुठे चित्र पालटलं. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा कीटक मिलीबगच्या अंगातच अंडं घालतो. तो तुमच्या झाडावर आधीपासून असू शकतो, आणि जहाल औषधाने पहिला मरतो तोच. मिलीबग मेणाखाली शाबूत राहतो.

म्हणून आधी ओळख पटवा. मादी साधारण २ मिलिमीटर लांब, पिवळसर, वर पिठाचा थर, कडेचे मेणाचे धागे अगदी आखूड. चिरडली तर पिवळा द्रव निघतो. खरा घोटाळा होतो तो क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याच्या अळीमुळे. तीही पांढरी, मेणकट, पण चांगली सेंटिमीटरभर वाढते, धागे लांब आणि विस्कटलेले, आणि ती चुरूचुरू चालते. ती मिलीबग खाते. ‘मोठा मिलीबग’ समजून लोक नेमकी तिलाच चिरडतात. फुगलेले, तपकिरी पडलेले, गोल भोक असलेले मिलीबग दिसले तर त्यातून परोपजीवी कीटक बाहेर पडून गेलाय. ती फांदी राहू द्या.

झाडावर मुंग्यांची रांग असेल तर बाकी सगळं नंतर. मिलीबगच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. खोडाभोवती १० सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी घट्ट गुंडाळा आणि वर ग्रीस लावा. थेट सालीवर ग्रीस लावू नका, साल खराब होते. एखादी फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर पट्टी फुकट, मुंग्या तिकडून चढतात. वारूळ लांब असेल तर आमिष ठेवा: अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम बोरिक ॲसिड. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत, मुलं आणि पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत अशा जागी. बोरिक ॲसिड वाढवलं की काम बिघडतं, कारण मुंगी वाटेतच मरते आणि विष राणीपर्यंत जातच नाही.

जास्त माखलेले शेंडे छाटा. आधी पिशवी चढवा, मग कात्री चालवा, नाहीतर पिल्लं खाली सांडतात. पिशवी बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. खतखड्ड्यात नाही, कुंपणापलीकडे तर मुळीच नाही. कात्री साबणाच्या पाण्याने धुवा. उरलेल्या पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा मारा. कुंडीतल्या रोपाला दोन-चारच चिकटले असतील तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस पुरतो.

एवढं करूनही राहिले तरच साबण. १ लिटर पाण्याला ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण. कपड्यांचा डिटर्जंट नको, पानं जळतात. कडूनिंबाचं तेल घालायचं तर ५ मिलिलिटर तेल आधी साबणात घोटा, मग थोडं थोडं कोमट पाणी सोडत १ लिटर करा. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी, शेवटी नुसतं तेल येतं. पपईचं पान तेलाला नाजूक असतं, म्हणून आधी एकाच पानावर मारून दोन दिवस वाट पाहा. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि नुसता साका उरतो. पावसाचं किंवा गाळलेलं पाणी घ्या. झाडाला आधी पाणी देऊन, ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून निथळेपर्यंत फवारा.

एका फवारणीत प्रश्न सुटत नाही. कापसासारख्या पिशवीतली अंडी वाचतात, आणि एकेका पिशवीत ती शेकड्याने असतात. दर ७ ते १० दिवसांनी, किमान तीनदा. साबण वाळला की त्याचा परिणाम संपतो, त्यामुळे नंतर येणाऱ्या मित्रकीटकांना धोका राहत नाही.

घरांच्या वसाहतीत हे एकट्या बागेपुरतं केलं तर महिन्याभरात कीड परत येते. पिल्लं वाऱ्याने उडतात, माळ्याच्या कपड्यांवरून आणि कात्रीवरूनही फिरतात. सगळ्यांनी एकाच आठवड्यात छाटणी करावी, माळ्याने स्वच्छ झाडं आधी आणि कीडकी झाडं शेवटी घ्यावीत, कुंपणाकडेचं गाजरगवत फुलण्याआधी उपटावं. नवीन आणलेलं रोप तीन आठवडे वेगळं ठेवा. जोराच्या पावसात कीड आपोआप धुऊन कमी होते. खरी पाळत ठेवायची ती पाऊस उघडल्यावर आणि उन्हाळाभर, आठवड्यातून एकदा पानं उलटून.