रेझिंग डे आणि रत्नागिरीचे पोलीस

आज भाच्याला घेऊन पोलिसांचं शस्त्र प्रदर्शन बघायला गेलो. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, त्याचा हा रेझिंग डे. पोरं रायफलींना चिकटलेली, एकाने हवालदारांना थेट विचारलं, "काका, खरी गोळी कधी मारलीत?" काका नुसते मिशीत हसले.

आमच्या रत्नागिरीच्या पोलिसांची कामंही एकेक अजबच म्हणायची. १८८६ पासून १९१६ पर्यंत, म्हणजे थेट मरेपर्यंत, ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथे नजरकैदेत. त्याच्यावर देखरेखीला पोलीस अधिकारी. चोरापेक्षा राजा सांभाळणं जड गेलं असणार, असा आपला माझा अंदाज! मग १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध. जिल्हा सोडायची बंदी, म्हणजे त्यांच्यावरही लक्ष आलंच.

स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. गावोगावचे पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याखाली आले. पण खरी झोप उडाली ती १९९३ ला. मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली शेजारच्या रायगडात, शेखाडी-दिघीला, आणि सगळ्या किनाऱ्याकडे बघायची नजरच बदलली. २६/११ नंतर तर सागरी सुरक्षेवर आणखी जोर आला. खलाशांची ओळखपत्रं, होड्यांची तपासणी, सगळं कडक.

भाच्याला यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्याला हातात बेड्या घालून फोटो हवा होता. काढला. आता त्याच्या आईला काय सांगायचं ते तुम्हीच सुचवा.