टेरीची टोपी, किर्बीच्या डोक्यावर

शनिवार, रात्री

वहिनीच्या भावाने सिंगापूरहून ओवीसाठी निन्टेंडो स्विच आणला, तेव्हापासून दादाच्या घरी टीव्हीवर बातम्या लागत नाहीत. आज गेले तर चहाच्या आधी हातात कंट्रोलर. गेमचं नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’. हवेत तरंगणाऱ्या चौथऱ्यावर मारिओ, पिकाचू, सॉनिक आणि पॅक-मॅन एकमेकांना बदडतायत, आणि खाली पाय हलवत बसलेली माझी भाची सांगतेय, “आत्या, इथे कुणी मरत नाही. फक्त उडतं.”

नियम खरंच तेवढाच आहे. मार खाल्ला की आपल्या नावाखालचा टक्का वाढतो. टक्का जितका जास्त, तितके पुढच्या फटक्याला लांब फेकले जाणार. पडद्याबाहेर गेलं की बाद. दीडशे टक्क्यांवर पोचलेला गडीसुद्धा काठाला लोंबकळून वर येऊ शकतो, आणि दहा टक्क्यांवरचा नुसताच खड्ड्यात उडी मारून संपतो. मी बहुतेक वेळा दुसऱ्या पद्धतीने संपले. ओवी दर वेळी “अरेरे” म्हणायची, पण त्यात दुःख काही नव्हतं.

ती किर्बी घेते. गुलाबी गोळा, हात म्हणजे दोन गाठी. समोरच्याला सपकन गिळतो आणि बाहेर येताना त्याची एक विद्या आणि डोक्यावरचं काहीतरी उचलून आणतो. मारिओला गिळलं की लाल टोपी, क्लाउडला गिळलं की ते टोकदार पिवळे केस. मी तर खेळायचं सोडून तेच बघत बसले.

रविवार

इतका वेळ मागे बसून शेरे मारणारा दादा आज पुढे आला. कोण घेऊ म्हणून यादी खाली सरकवता सरकवता एकदम थांबला. “हा टेरी बोगार्ड आहे ना? आपला?”

‘आपला’ म्हणजे डोंबिवलीचा. स्टेशनजवळच्या गल्लीत एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, आत अंधार, बाहेर सायकली. रुपयाला टोकन. तिथे ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ची मशीन होती आणि दादाच्या वयाची निम्मी मुलं तिच्यापुढे रांगेत. मी मागे उभी, त्याचं दप्तर सांभाळत. मुलींना तिथे दुसरं काम नसायचं. टेरी म्हणजे लाल टोपी, लाल जॅकेट. जमिनीवर मुठी आपटली की लाट धावत जायची. त्यासाठी दांडा खालून पुढे पाव गोल फिरवायचा आणि बटण दाबायचं. हे मला खेळून नव्हे, दादाचं मनगट बघून पाठ झालंय.

आज त्याने अंगठ्याने तो पाव गोल फिरवला आणि लाट निघाली! स्मॅशमध्ये बाकी सगळ्यांना एक दिशा आणि एक बटण पुरतं. टेरीला मात्र त्याच्या मूळ गेममधली ती जुनी पद्धतही चालते, आणि तशी केली तर फटका जास्त जोरात बसतो. ‘स्ट्रीट फायटर’च्या रियूचंही तसंच. शिवाय टेरीचा टक्का शंभरावर गेला की त्याचे दोन राखीव फटके उघडतात, म्हणजे मार खाऊन बेजार झाल्यावरच तो खरा धोकादायक. पार्लरमधल्या गेमांचा हिशोबही साधारण असाच असायचा. पाहुणा नव्या घरी आला तरी स्वतःच्या घरचं वळण घेऊन आलाय.

दादा दोन-तीन फटके झकास मारून चौथ्याला काठावरून खाली गेला. पार्लरमधल्या टेरीला खड्डा कधी माहीतच नव्हता. नंतर ओवीच्या किर्बीने त्याला गिळलं, लाल टोपी घालून बाहेर आला आणि दादावर त्याचीच लाट सोडली. “हे चीटिंग आहे,” दादा म्हणाला. वहिनी स्वयंपाकघरातून इतकी हसली की तिला गॅस बारीक करावा लागला.

मंगळवार, ऑफिसनंतर

आमची कंपनी मुलांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या बनवते आणि त्यांवरच्या कार्टूनांचे करार बघणं हे माझं काम. आज दिवसभर एका डब्याच्या झाकणाची मंजुरी आली नाही, कारण त्या पात्राचा डोळा मूळ चित्रापेक्षा किंचित डावीकडे बघतो. खरंच. स्टाइल गाइडच्या पानाचा नंबर दिलाय त्यांनी. आणि दोन वेगळ्या मालकांची पात्रं एकाच डब्यावर? असं विचारायलासुद्धा मी फोन उचलणार नाही.

म्हणून घरी आल्यावर स्मॅशबद्दल वाचत बसले, आणि वाचताना माझ्या पोटात करार लिहिणाऱ्या बाईला उठतो तसा गोळा उठत होता.

सुरुवातच बघा. १९९०च्या दशकात मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता हॅल लॅबोरेटरी या गेम कंपनीत होते. आखणी साकुराईंची, प्रोग्रॅमिंग इवातांचं (हेच पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले). आधी चेहरा नसलेले साधे पुतळे लढायचे. मग साकुराईंनी त्यांच्या जागी मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स बसवले. निन्टेंडोला न विचारता! आधी चालतं करून दाखवलं, मग परवानगी. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी सुट्टीवर गेले असते. त्यातून १९९९ साली निन्टेंडो ६४वर पहिला स्मॅश आला, बारा पात्रांचा, सगळी घरचीच.

बाहेरचे पाहुणे आले ते २००८च्या ‘ब्रॉल’ या भागात. कोनामीचा स्नेक आणि सेगाचा सॉनिक. स्नेकसाठी त्याच्या निर्मात्याने, हिदेओ कोजिमांनी, आधीच्या भागाच्या वेळीच विचारलं होतं म्हणे, पण तेव्हा वेळ निघून गेली होती. सॉनिकचं येणं जास्त मोठं. नव्वदच्या दशकात सेगा आणि निन्टेंडो आपापल्या जाहिरातींत एकमेकांना हाणत होते, आणि सॉनिक मुळात मारिओला टक्कर द्यायलाच जन्माला घातलेला. २००१मध्ये सेगाने कन्सोल बनवणं सोडलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

पुढे मेगा मॅन, पॅक-मॅन, रियू, क्लाउड. मग २०१८च्या अल्टिमेटमध्ये आधीच्या सगळ्या भागांतला प्रत्येक जण परत, आणि नंतर विकत मिळणारे धरून एकूण ८९. माझ्या टेबलावर ८९ पात्रांची फाइल आली तर? हे पुन्हा जमेलच असं नाही, असं साकुराईही म्हणाले आहेत. मला त्यात नवल वाटत नाही.

करार न वाचताही दिसतात, हे मला सगळ्यात आवडलं. क्लाउड आला तेव्हा त्याच्या ‘फायनल फँटसी ७’मधली फक्त दोन गाणी त्याच्याबरोबर आली. पाच वर्षांनी, २०२०च्या डिसेंबरात त्याच गेममधला खलनायक सेफिरोथ आला तेव्हा आणखी नऊ मिळाली. आणि टेरी? नोव्हेंबर २०१९मध्ये त्याची मालक कंपनी एसएनकेने त्याला पाठवलं ते पन्नास गाण्यांसकट. लग्नाला कोण किती माणसं घेऊन आलं यावरून नातं कळतं, तसं. टेरीच्या मैदानाच्या पार्श्वभूमीला एसएनकेची बरीच मंडळी येऊन उभी राहतात, फक्त माई शिरानुई नाही. तिचे तोकडे कपडे हे कारण. हा गेम सगळ्या वयाच्या मुलांसाठी आहे, असं साकुराईंनी सांगितलं. शेवटचा आलेला ‘किंगडम हार्ट्स’चा सोरा तर मूळ गेममधलं आपलं निम्मं आयुष्य डोनाल्ड आणि गूफीच्या सोबतीत काढतो, पण इथे आला तो त्या दोघांशिवाय. ती रिकामी जागा बघून मला समोर बसलेले डिस्नीचे वकील दिसले. पाठ ताठ, फाइल बंद.

मात्र किर्बीचं काय? तो प्रत्येकाला गिळतो आणि प्रत्येकाचं रूप घेतो. म्हणजे सेगा, कोनामी, एसएनके, स्क्वेअर एनिक्स, मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांनी कधीतरी आपल्या पात्राची टोपी किंवा केस दुसऱ्याच्या गुलाबी डोक्यावर बघून “हो, चालेल” म्हटलं असणार. किर्बी साकुराईंचाच, १९९२चा. माझा डबा मात्र एक डोळा डावीकडे गेला म्हणून अडलाय.

गुरुवार

झोप येत नव्हती. साकुराईंनी स्वतः सांगितलेला एक किस्सा सापडला. ते एकदा आर्केडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ खेळत होते. मशीनच्या पलीकडच्या बाजूच्या खेळाडूला त्यांनी सपशेल धुतलं. नंतर बघतात तर पलीकडे एक जोडपं, अगदी नवशिकं, कोमेजलेलं. आपण हे काय केलं, असं त्यांना वाटलं. लांबलचक बटणं पाठ असलेल्याने नवख्याला उभंही राहू द्यायचं नाही, हा त्या काळच्या लढाईच्या गेमांचा स्वभावच होता. स्मॅश निघाला तो त्याच्या उलट दिशेला: सोपी बटणं, वाढणारे टक्के, काठावरून परत यायची संधी.

दादाचं ते पार्लर आठवलं. तिथे एखादा लहान मुलगा टोकन घालून बसला की मोठी मुलं पलीकडून येऊन त्याला अर्ध्या मिनिटात उठवायची. त्याचा रुपया गेला. दादाही त्या मोठ्यांत होता, मला चांगलं आठवतंय. आणि त्या मशीनवरचाच टेरी आता साकुराईंच्या गेममध्ये पाहुणा, जिथे शाळकरी पोर दादाला गिळून टाकते.

दादाला हे फोनवर सांगितलं. “मग? बदला घेतला म्हण की त्या पोरांनी,” म्हणाला, आणि ओवीला रागे भरायला निघून गेला. तिचा मराठीचा निबंध राहिलाय.

रविवार

पुढच्या भागात कुणाला घ्यायचं यावर जेवताना भांडण. ओवीची यादी लांबलचक, सगळी माझ्या ओळखीबाहेरची. दादाचं एकच नाव: मुस्तफा. टोपी घालून धावत येऊन लाथ मारणारा, डायनोसॉर असलेल्या त्या गेममधला. पार्लरमधली सगळी मुलं त्या गेमलाच मुस्तफा म्हणायची.

मी म्हटलं, दादा, विसर. गेम ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३चा. पण गोष्ट आणि माणसं मार्क शुल्झ यांच्या कॉमिकमधली, आणि गेमच्या नावातलं कॅडिलॅक जनरल मोटर्सचं. एका लाथेसाठी तीन दारं वाजवायची.

“तुझं कामच आहे ना ते? वाजव,” दादा म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. ओवीने विचारलं, मुस्तफा कोण, आणि पुढचा अर्धा तास तो तिला मोबाइलवर दाखवत बसला.