तुम्ही विचारलंत म्हणून: बाळंतपणात बाई दगावली की सगळ्यांना बसवून काय घडलं ते शोधायची सभा आम्ही घेतो. अशी सभा घेऊन बाई वाचते का?

"सगळ्यांना गोल बसवता, चहा पाजता, त्यापेक्षा एक स्त्रीरोगतज्ज्ञ का नाही मागत?" साक्रीपासून शहाद्यापर्यंत हाच प्रश्न. मागतोच की. पण फ्रीज बंद असल्याचं त्या तज्ज्ञाला कोण सांगणार?

फ्रीजचंच घ्या. बाळ बाहेर येताच रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिटं मांडीत टोचली, वेळ नोंदली, कागद चोख. तरी रक्त थांबेना. १०८ मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाई गेली. "अंगात रक्तच कमी होतं," एवढ्यावर विषय मिटणार होता. बैठकीला सिस्टर, आशा, औषध निर्माता, गाडीचा पायलट, बाईची सासू, सगळे बोलून झाले. दाराशी उभी आया तेव्हा म्हणाली, प्रसूतीखोलीतला फ्रीज आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) बंद आहे. "माले कोनी इचारंच नई."

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. खान्देशी उन्हाळ्यात खोलीत आठवडेच्या आठवडे राहिलं की जोर कमी होत जातो, ॲम्प्यूल मात्र दिसायला तसंच. तापमानाच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ ४ अंश. पानंच्या पानं एका पेनाने, एका दमात उतरवलेली. माल आल्याचं औषध निर्मात्याला ठाऊक, टोचल्याचं सिस्टरला, बंद फ्रीजचं आयाला. एकत्र कुणालाच नाही. बाई त्यामुळेच गेली, असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण ॲम्प्यूल आता लसींच्या आयएलआरमध्ये (लसी ठेवायच्या खास फ्रीजमध्ये), वेगळ्या डब्यात असतात. तसं करावं हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०१९ मध्येच सांगून ठेवलं होतं; डबा हलला तो आया बोलल्यावर.

म्हणून क्रम उलटा: आया आधी, डॉक्टर शेवटी. बोलण्याआधी कळा, फोन, गाडी, इंजेक्शन यांच्या वेळा ज्याने त्याने चिठ्ठीवर लिहायच्या, मग कार्डशीटवर लावायच्या. सासूचे ३ आणि रजिस्टरचे ४:१० जिथे जुळत नाहीत, तिथे खणायचं. "कोण चुकलं" विचारलंत की सभा आटोपली समजा.

सभेत बोलल्याने कुणाचं नुकसान होत नाही, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. त्या बैठकीचं इतिवृत्त वर गेलं आणि सिस्टरला कारणे दाखवा नोटीस आली. बाई गेल्यावर जबाब कुणीच द्यायचा नाही का? द्यायलाच हवा. मग खरं कोण सांगेल? दोन्हीकडून मीच भांडतो, आणि हरतोही मीच.

पुढच्या सभेला आया आली. चिठ्ठी कोरी दिली.