थारोळं, पाट आणि तळं: २० गुंठ्यांच्या बागेचं काम कुठवर आलं

जागा साताऱ्याच्या पश्चिमेला, यवतेश्वरच्या बाजूने उतरत येणारी. २० गुंठे, म्हणजे २१,७८० चौरस फूट. वर फूटभर काळपट माती, खाली मुरूम आणि दोन ठिकाणी ३ फुटांवरच कातळ. घरात तीन पिढ्या, त्यामुळे मागण्याही तीन तऱ्हेच्या: थोरांना पाण्याजवळ बसायला पार, मुलांना पाय बुडवायला वाहतं पाणी, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी परसबाग. परसबागेत विशेष काही नाही, ४ बाय १२ फुटांचे सहा वाफे आणि ठिबक. वेळ आणि पैसा खाल्ला तो पाण्याने.

नोव्हेंबर: लेव्हल

फक्की (आखणीची पांढरी भुकटी) मारण्याआधी लेव्हल नळी, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, फिरवली. डोळ्याला सपाट वाटणारी जमीन ६० फुटांत ३ फूट उतरते. तळं सगळ्यात खाली घ्यावंसं वाटतं, पण पावसाळ्यात सगळ्या आवाराचं गढूळ पाणी तिथेच येतं आणि कुमुदं चिखलात जातात. म्हणून तळं उताराच्या खालच्या टोकापासून ८ फूट वर सरकवलं आणि त्याच्या वरच्या अंगाला फूटभर खोल चर काढून वाहतं पाणी बाजूने वळवलं. तळ्याच्या तोंडावर पडणारा पाऊस फार नसतो. तासाला १०० मिमी कोसळला तरी अडीच हजार लिटर, तेवढं ३ इंची सांडव्याचा पाइप सहज काढतो. चर नसेल तर मात्र ६ इंचीही पुरत नाही.

मोटार तळ्यातलं पाणी वरच्या थारोळ्यात चढवते आणि तिथून ते पाटाने परत तळ्यात येतं. ही रचना जुन्या मोटेच्या विहिरीवरून घेतली आहे. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर पाहिली असेल त्यांना कळेल. मोटेचं पाणी थेट पाटात सोडत नसत. आधी ते थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदात पडायचं, तिथे जोर मरायचा, मग पाट धरायचा. मोटारीच्या पाण्यालाही हेच लागतं. पाइपाचं तोंड सरळ धबधब्याच्या दगडावर सोडलं की पाणी उडतं, एका बाजूला पळतं आणि आवाज नळासारखा येतो.

डिसेंबर–जानेवारी: खोदाई आणि कागद

तळं २० बाय १४ फूट, कोपरे गोल. काठाला फूटभर रुंद, ९ इंच खोल पायरी, मध्ये अडीच फूट. पाणी १३,००० लिटरच्या आसपास. निघालेली माती ५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), पण सुटी झाल्यावर फुगून ६ च्या वर जाते. टाकायची जागा आधी ठरवावी. इथे तिचा थारोळ्यासाठी उंचवटा केला. ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोकलं. एवढं करूनही भराव पहिल्या पावसात बसतोच, म्हणून थारोळं भरावावर टेकवलेलं नाही. त्याखाली मुरमापर्यंत खणून डबराचा पाया घेतला आहे. हे टाळलं तर वर्षभरात धबधब्याचा दगड एका अंगाला झुकलेला दिसतो आणि मग गवंड्याला बोल लावला जातो.

कागदाचं, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या अस्तराचं माप: लांबी अधिक दुप्पट खोली अधिक ४ फूट. खोली ३ फूट धरून ३० बाय २४. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद स्वस्त पडतो आणि सरळ उताराच्या मोठ्या तळ्याला उत्तम. पण तो ताठ असतो, पायरीच्या कोपऱ्यात घड्या उभ्या राहतात. इथे १ मिमी ईपीडीएम, म्हणजे लवचीक रबरी कागद घेतला. खाली जिओटेक्स्टाइल (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं जाड कृत्रिम कापड) आणि त्याखाली २ इंच चाळलेली माती. क्रश सँड नको, तिचे कण धारदार असतात. जुनी पोतीही नकोत, वर्षात कुजतात. घुशीचा वावर असेल तर बाहेरच्या काठाने बारीक वेल्ड जाळी दीड फूट खोल उभी पुरावी. घुशीने पाडलेलं भोक पाणी उतरल्याशिवाय सापडत नाही.

फेब्रुवारी: थारोळं आणि पाट

थारोळं ८ बाय ४ फूट, दीड फूट खोल. तेच गाळणीचंही काम करतं. तळाशी भोकं पाडलेला २ इंची पाइप, त्यावर ८ इंच २० मिमी खडी, वर ६ इंच १० मिमी. सगळी मिळून अर्ध्या ब्रासला थोडी कमी लागते. पाणी खालून वर चढतं आणि ओठावरून, म्हणजे पुढच्या कडेवरून पाटात पडतं. खडीत मातीशिवाय वेखंड, कर्दळ आणि कडेला ब्राह्मी. ही झाडं पाण्यातलं खत खातात, म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. पाणकणीस मोहात पाडतं, पण त्याचे कोंब कागद फोडतात. बांबू तर तळ्यापासून २० फूट लांबच बरा.

पाट ३० फूट लांब, २ फूट रुंद. उंचीतला एकूण फरक साडेचार फूट: जमिनीचा उतार ३ आणि उंचवटा दीड. तो सलग उतार म्हणून न देता साडेतेरा इंचांच्या चार उड्यांत, म्हणजे छोट्या धबधब्यांत वाटला. मध्ये तीन सपाट डोह, ६ इंच खोल. सलग उतार केला की मोटार बंद होताच पाट कोरडा पडतो आणि काळा कागद उघडा दिसतो. डोह असले की पाणी थांबून राहतं आणि फक्त वरची २ इंच पातळी तळ्यात उतरते. ते सुमारे २८० लिटर भरतं, तळ्याची पातळी अर्धा इंचही वर जात नाही. सांडव्याचं तोंड ठरवताना एवढी वाढ धरावी, नाहीतर रोज मोटार बंद केली की तेवढं पाणी वाया जातं.

पाटाचा कागद तुकड्यांत असेल तर वरचा तुकडा खालच्यावर किमान फूटभर चढवायचा, कौलांसारखा. उडीच्या दोन्ही बाजूंना उडीच्या उंचीइतका जादा कागद, म्हणजे शिंतोडे परत पाटातच येतात. काठ पाण्यापेक्षा ४ इंच वर. काठावरची माती किंवा हिरवळ पाण्याला टेकली की ती दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढत राहते. गळतीच्या पुष्कळशा तक्रारींचं मूळ इथे असतं, कागदात नाही. तपासणी सोपी आहे: मोटार बंद ठेवून तळ्यावर खूण करायची. दोन दिवसांत पाणी स्थिर राहिलं तर गळती पाटात, उतरत राहिलं तर तळ्यात. फक्त बाष्पीभवन वजा करायला विसरू नये. मे महिन्यात दिवसाला ८ मिमी उतरणं साहजिक आहे. या तळ्याला ते रोजचं २०० लिटर होतं.

ओठाला एक फूट रुंद कडप्पा, पुढे २ इंच काढलेला, खालून खाच पाडलेली. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे जातं. आडवी लेव्हल काटेकोर हवी. धारेची जाडी जेमतेम २ सेंटीमीटर, त्यात ५ मिमीचा कल म्हणजे एका कडेला धार आणि दुसऱ्या कडेला झिरप.

मार्च: मोटार

फूटभर ओठाला तासाला ५,४०० लिटर पुरतं. घेताना पाकिटावरचा मोठा आकडा पाहू नये. तो शून्य उंचीचा असतो. इथली चढ १.४ मीटर. पाइप १२ मीटर, ४० मिमीचा घेतला तर घर्षणात आणखी ०.८ मीटर जातं, ५० मिमीत पाव मीटर. पाइपातला फरक एकदाचा, वीज मात्र कायमची. एल्बो धरून २ मीटरला ६,००० लिटर देणारी, १०० वॉटची पाण्यातली मोटार बसवली. रोज ८ तास चालली तर ०.८ युनिट. केबल पाइपातून २ फूट खोल, अर्थिंग वेगळं आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं बटण. या शेवटच्या गोष्टीत तडजोड नाही.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी तळ्यात पाण्याखाली २ इंचांवर, ३ इंच चौकोनांच्या वेल्ड जाळीच्या चौकटी. तान्ह्यांना पाटातलं पाणीही धोक्याचंच, म्हणून पार मधल्या डोहासमोर बांधला. पारावर बसलेल्याची नजर आपोआप तिथे राहते. पायवाट ४ फूट रुंद, चढ १२ ला १, व्हीलचेअर जाते.

एप्रिल: लागवड

डोहांच्या जोडकामात सिमेंट वापरलं होतं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. केळीचा खुंट टाकून ठेवायची पद्धत आहे, पण तीनदा भरून चार-चार दिवसांनी पाणी उपसणं जास्त भरवशाचं. सामू ८.५ च्या खाली आल्यावरच पुढचं काम.

कुमुदाच्या तीन कुंड्या, १४ इंची. निव्वळ चिकण काळी माती, वर इंचभर खडी. ताजं शेणखत घातलं की पाणी आठवड्यात हिरवं होतं. कुमुदाला शिंतोडे चालत नाहीत, म्हणून धबधब्यापासून ६ फूट लांब. कमळ वेगळ्या, भोक नसलेल्या २ फुटी गोल टबात. कुंडीला कोपरे असले तर धावती मुळं तिथे अडकून मरतात. कास पठारावरच्या तळ्यातल्या कुमुदिनीचं आकर्षण सगळ्यांना असतं. ती रोपवाटिकेतून आणावी. पठारावरून काही उचलू नये. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे हे तर झालंच, शिवाय सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) इंचभर मातीतलं रोप बागेच्या पोयट्यात जगत नाही.

तीन आठवड्यांनी ४० गप्पी मासे सोडले, डासांच्या अळ्यांसाठी तेवढे भरपूर. सध्या पाणी हिरवट आहे. या टप्प्यावर पाणी बदलायचं नाही. नव्या पाण्यासोबत शेवाळाला नवं खत येतं. कुमुदाच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की ते आपोआप निवळतं.

राहिलेलं

सांडव्याच्या तोंडाला गप्पी अडवणारी जाळी, आणि त्याचं पाणी घ्यायला ४ बाय ४ बाय ४ फुटांचा शोषखड्डा, डबर आणि खडीने भरलेला. छपराचा पन्हाळ तळ्याला जोडायचा आहे: १,००० चौरस फुटांवर १० मिमी पाऊस पडला की ८०० लिटर हाती लागतं. पण पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर सोडायला पाइपाच्या टी-जोडाला बॉल व्हॉल्व्ह लागेल, तो अजून बसायचा आहे.