४८६ ची नोंद: माउस आणि मोडेम यांचा तंटा

उद्यमनगरातील एका वर्कशॉपच्या माळ्यावर पडून असलेला ४८६ प्रोसेसरचा जुना संगणक गेल्या महिन्यात मी घरी आणला. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमटपणाने कार्डांच्या सोनेरी कडा काळवंडल्या होत्या. त्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्यावर डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम सुरळीत चालू झाली. साउंड कार्ड (पत्ता २२०, आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारी इंटरप्ट-ओळ ५) आणि प्रिंटर पोर्ट यांनी काही त्रास दिला नाही.

अडचण आयसा, म्हणजे जुन्या प्रकारच्या खाचेत बसणाऱ्या, मोडेमने (फोनलाइनवरून संपर्क साधणाऱ्या कार्डाने) आणली. टर्मिनल प्रोग्रॅम उघडताच कॉम-१ या सिरियल पोर्टवरील माउस गोठत असे आणि प्रोग्रॅम बंद करताच पुन्हा हलू लागत असे. डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये ४०:० ही मेमरीतील जागा पाहिली, जिथे कॉम पोर्टांचे पत्ते उलट क्रमाच्या दोन-दोन बाइटांत असतात, तर ‘एफ८ ०३ एफ८ ०२ ई८ ०३’ असे आकडे दिसले, म्हणजे मोडेम ३ई८ वर, कॉम-३ म्हणून बसला होता. पत्ता वेगळा असल्याने मी दोन दिवस निर्धास्त होतो, पण कॉम-१ आणि कॉम-३ यांचा आयआरक्यू रूढीने एकच, ४, असतो. टर्मिनल प्रोग्रॅम ती इंटरप्ट स्वतःकडे घेतो आणि माउसच्या ड्रायव्हरपर्यंत काहीच पोहोचत नाही.

म्हणून चिमट्याने जंपर (कार्डावरील पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून मोडेम कॉम-४ वर, म्हणजे २ई८ आणि आयआरक्यू ३ वर नेला. माउस सुटला, मात्र ग्राफिक्स मोड बदलताना पडद्यावर रंगीत पट्टे उमटू लागले. या शोधात मला सर्वाधिक आनंद मिळाला: माझे एस-३ ग्राफिक्स कार्ड ४२ई८, ८२ई८ असे पत्ते वापरते, तर जुनी आयसा कार्डे पत्त्याचे खालचे दहाच बिट वाचतात, त्यामुळे ४२ई८ हा पत्ताही मोडेमला २ई८ च वाटतो. कागदावर बिट मांडून पाहिल्याशिवाय हे लक्षात येणे अवघड आहे.

अखेर कॉम पोर्ट पुरवणाऱ्या मल्टी आय-ओ कार्डावरील जंपर काढून त्यावरचा कॉम-२ बंद केला आणि मोडेमला २एफ८, आयआरक्यू ३ ही मोकळी झालेली जागा दिली. आता डीबगमध्ये ‘एफ८ ०३ एफ८ ०२ ०० ००’ दिसते, एटी ही मोडेमची आज्ञा टाइप केल्यावर मोडेम ‘ओके’ म्हणतो आणि माउसही चालतो.

कार्डावरचा कॉम-२ गमावल्याची चुटपुट मात्र आहे. मोडेमवर आयआरक्यू ५ चाही जंपर आहे, तेव्हा साउंड कार्ड ७ वर नेऊन मोडेम ३ई८ आणि ५ वर बसवून पाहणार आहे. आयआरक्यू ७ रूढीने प्रिंटर पोर्टचा असला, तरी डॉसमधील छपाईला तो सहसा लागत नाही.