फराळाचा विभाग: अनारसे जमले, चकलीचं माप ठरलं, चिरोटे बाकी

पाककृतींचं एक पुस्तक विभागवार करून बघणं चालू आहे. भाज्या, आमट्या, कोशिंबिरी हे विभाग पुस्तकातल्या मापांनी सहज पार पडले. फराळात तसं होत नाही. सगळं माप वाटीचं, आणि ती वाटी केवढी हे कुठेच दिलेलं नाही. पुण्याच्या तुळशीबागेत एकाच दुकानात चार आकारांच्या वाट्या मिळतात. म्हणून आधी वाटी नक्की करा: काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. या नोंदीतली वाटी 150 मिलीची आहे.

सगळ्यात जास्त वेळ अनारशांनी घेतला, आणि तो द्यावाच लागतो. तांदूळ जुना, न चिकटणारा हवा. मावळातला इंद्रायणी भाताला उत्तम, पण इथे नको, पीठ चिकट होतं. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून, निथळून सुती कापडावर सावलीत पसरायचा. पुस्तक म्हणतं 'तासभर वाळवावे'. एप्रिलमधल्या पुण्यात अर्ध्या तासातच तांदूळ कोरडा पडतो, श्रावणात दीड तासानेही ओला असतो. अधिक महिना कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात (2023 मध्ये श्रावण होता, 2026 मध्ये ज्येष्ठ) आणि जावयाच्या वाणाला 33 अनारसे लागतातच. तेव्हा घड्याळ सोडा, मूठ बघा. मुठीत दाबून सोडल्यावर दाणे तळहाताला चिकटले पण हात ओला झाला नाही, की लगेच मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळायचं.

गुळाबद्दल पुस्तकात 'पिठाइतकाच' एवढंच आहे. वाटीने मोजलं तर इथे घोळ होतो: ओलसर चाळलेलं पीठ वाटीत सैल बसतं, किसलेला गूळ दाबून बसतो, म्हणजे वजनाने गूळ कितीतरी जास्त पडतो. मग अनारसा तुपात हसतो, विरघळून पसरतो. काट्यावर 500 ग्रॅम पिठाला 400 ग्रॅम गूळ हे प्रमाण नीट बसलं. गूळ साधा, मऊ घ्या. चिक्कीच्या गुळाने अनारसे कडक होतात. त्यात दोन चमचे तूप घालून मळा, गोळे करून डब्यात किमान पाच दिवस मुरू द्या.

थापताना खसखस खाली, तळताना वर. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने तूप वर उडवत राहायचं. कढई सपाट बुडाची, आच मंद, एका वेळी एकच. पहिला हसला तर उरलेल्या पिठात तेच कोरडं ठेवलेलं तांदळाचं पीठ चमचा-चमचा मिसळा (दळताना मूठभर बाजूला काढून ठेवायचं ते यासाठीच). जाळी न पडता दडस झाला तर पीठ कोरडं आहे: चमचाभर दूध किंवा थोडं कुस्करलेलं केळं लावून अर्धा तास झाकून ठेवा. तळलेले अनारसे चाळणीत उभे ठेवायचे, आडवे रचले तर तूप आतच राहतं.

चकलीची भाजणी: तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, मूग डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरे 2 चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. गिरणीत गव्हानंतर दळून घेऊ नका, जात्यात राहिलेली कणीक भाजणीत येते. उकडीला एक वाटी भाजणीस एक वाटी पाणी, आणि त्याच पाण्यात एक मोठा चमचा तेलाचं मोहन. पुस्तकात मोहनाचं माप नाही आणि सगळं बिघडतं ते तिथेच. मोहन जास्त झालं तर चकली तेलात सुटते, कमी पडलं तर कडक होते. सोऱ्यातून पडताना तुटत असेल तर मोहनाचा दोष नाही, पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. मध्यम आचेवर तळा आणि बुडबुडे जवळपास थांबेपर्यंत काढू नका. रंग आला म्हणून लवकर काढलेली चकली संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

शंकरपाळ्यांत सांगण्यासारखं थोडंच: तूप, दूध, साखर एकेक वाटी, मैदा मावेल तेवढा. साखर पूर्ण विरघळवून मिश्रण गार झाल्यावरच मैदा घाला.

चिरोटे थंडीपर्यंत मागे ठेवले आहेत. साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी फेटून केलेला लेप, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तो पोळीवर लावता लावताच पातळ होतो. मग पदर एकमेकांना चिकटतात. तोवर पाकातल्या लाडवांचा विभाग सुरू करायचा आहे.